श्रावण पाळतो, तंबाखू सुटत नाही

श्रावण लागला की आपल्याकडच्या घराघरांतून मासळीची भांडी घासूनपुसून फळीवर चढतात. अकरा महिने ज्याच्या घशाखाली हुमणावाचून घास उतरत नाही असा गृहस्थही त्या महिन्यात बांगड्याचे नाव काढीत नाही. कित्येकजण तर चतुर्थी आटोपेपर्यंत हा नेम चालवितात. बाजारात इसवण कितीही ताजे आले तरी त्यांचे मन चळत नाही, आणि आपण काही मोठा पराक्रम करीत आहोत असेही त्यांस वाटत नाही. परंतु याच गृहस्थाच्या खिशात विडीचे बंडल अथवा तंबाखूची पुडी असली, तर तिच्यापुढे मात्र त्याचा सारा निग्रह लंगडा पडतो. ज्याने महिनाभर जिभेला लगाम घातला, त्याला चिमूटभर तंबाखू एक प्रहरही दूर ठेवता येत नाही. हे असे का व्हावे, या प्रश्नाचा विचार आपल्या समाजाने, वैद्यकाने आणि सरकारनेही जितका करावयास हवा होता तितका केलेला नाही, असे आम्हांस वाटते.

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन पाळला जातो. मुलांच्या फेऱ्या निघतात, फलक झळकतात, भाषणे होतात. या उपक्रमांस आम्ही नावे ठेवू इच्छित नाही. पण तंबाखू घातक आहे हे सांगण्याचे काम आता जवळजवळ पुरे झाले आहे, हेही तितकेच खरे. २०१६ सालापासून सिगारेटच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्रांनी व इशाऱ्याने व्यापलेला असतो. ते चित्र पाहतच माणूस काडी ओढतो. त्याला ठाऊक नसते ते तंबाखूचे दुष्परिणाम नव्हेत. ती सोडल्यानंतरचे पहिले चार दिवस कसे काढावयाचे, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

तंबाखू आणि हा किनारा यांचा संबंध जुना आहे. अमेरिका खंडातील हे रोप पोर्तुगीजांच्या जहाजांतून हिंदुस्थानात उतरले. पुढे सतराव्या शतकात ब्राझिलची तंबाखू लिस्बनमार्गे गोव्यात येऊ लागली आणि तिचा मक्ता हे पोर्तुगीज सत्तेच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन बनले. विजापूरच्या दरबारातून ती अकबराच्या दरबारात गेली. जहांगीराने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली, पण बादशहाचा हुकूम हवेत विरला आणि धूर मात्र राहिला. आपल्याकडे तर फणसाच्या अथवा सुकलेल्या केळीच्या पानात तंबाखू गुंडाळून धुमटी ओढण्याची, आणि तीही पेटलेले टोक तोंडात धरून ओढण्याची विलक्षण चाल होती. तिचे तोंडावर काय परिणाम होतात हे तपासण्यासाठी गोव्यातील ५,४४९ ग्रामस्थांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष १९७६ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मशेरी लावणाऱ्या आजीबाई अजूनही अनेक घरांत आहेत, आणि आपण व्यसन करतो असे त्यांपैकी कोणाच्या स्वप्नातही येत नाही.

असे असूनही गोव्याने या बाबतीत काही कमावले आहे, हे मान्य केलेच पाहिजे. सार्वजनिक जागी धूम्रपान व थुंकणे यांना मनाई करणारा कायदा येथे १९९७ साली झाला. देशाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००३ साली आला आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे नवे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. गुटख्यावरही गोव्याने २००५ सालीच घाव घातला. २०१६-१७ साली झालेल्या प्रौढांच्या तंबाखूसेवनाच्या पाहणीत देशाचे प्रमाण २८.६ टक्के, त्रिपुराचे ६४.५ टक्के, तर गोव्याचे अवघे ९.७ टक्के, म्हणजे साऱ्या राज्यांत कमी असे आढळले.

हे आकडे भूषणावह आहेत, पण त्यांवर संतुष्ट होऊन बसणे धोक्याचे ठरेल. ज्यांची सवय वरवरची होती, त्यांनी कायद्याच्या, लोकलज्जेच्या वा किंमतवाढीच्या धाकाने ती सोडली असणार. मागे उरतात ते ज्यांच्या रक्तामांसात ती भिनली आहे ते लोक. त्यांना धाक पुरत नाही, आणि फलकही पुरत नाही. त्याच पाहणीत देशातील ५५.४ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आपण ते सोडण्याच्या विचारात असल्याचे सांगितले होते. निम्म्याहून अधिक माणसे ज्या दारातून बाहेर पडू पाहतात त्या दाराशी त्यांना हात द्यावयास कोणी उभे नसेल, तर दोष केवळ त्यांच्या दुबळेपणाचा कसा म्हणावयाचा?

तलफ म्हणजे काय, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. सिगारेटचा झुरका घेतल्यापासून दहावीस सेकंदांत तंबाखूतील निकोटिन मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे क्षणिक सुखाची लहर उठविते. रोजच्या सेवनाने मेंदू त्या द्रव्याला सरावतो, त्याच्या स्वागतासाठी अधिकाधिक दारे उघडून ठेवतो. पण रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. मग ती उघडी दारे कुरकुरू लागतात. चित्त अस्वस्थ होते, राग येतो, कामात लक्ष लागत नाही. त्यावर पुन्हा एक झुरका घेतला की बरे वाटते आणि माणूस म्हणतो, तंबाखूने डोके शांत झाले. वस्तुतः तंबाखूनेच केलेले ऋण तंबाखूने तात्पुरते फेडलेले असते. सावकाराने आपलेच पैसे खिशातून काढून घ्यावेत, त्यांतील चार नाणी परत हातावर ठेवावीत आणि आपण त्याला दानशूर म्हणावे, तसला हा व्यवहार आहे.

ज्याने तंबाखू सोडली, त्याला पहिले दोनतीन दिवस हे ऋण सर्वांत जास्त जाचते. त्यानंतर शरीराची तक्रार उतरणीला लागते आणि साधारणतः तीनचार आठवड्यांत पुष्कळशी निवते. तीनचार आठवडे म्हणजे किती? एक श्रावण! ज्या समाजाला महिनाभर नेम पाळण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, त्याला ही मुदत अपरिचित नाही.

मग मासळीचा श्रावण सोपा आणि तंबाखूचा अवघड का? एक कारण उघड आहे. मासळी सोडल्याने हात कापत नाहीत, झोप उडत नाही. निकोटिनची पकड शरीरावर असते, केवळ रुचीवर नव्हे. पण दुसरे कारण आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. श्रावण कोणी एकटा पाळीत नाही. घरात मासळी शिजतच नाही, शेजारीही शिजत नाही, पाहुणा आला तरी आग्रह करीत नाही. नेमाचे ओझे साऱ्या घराने उचललेले असते. तंबाखू सोडणारा मात्र एकटा असतो. तोच चहाचा पेला, तोच फेरीबोटीचा धक्का, तोच गाडा, तेच मित्र. आणि त्यांतलाच एक जण हसत हसत पाकीट पुढे करून म्हणतो, एकाने काय होते? आमच्या व्यवसायात रात्रपाळीच्या टेबलावरील रक्षापात्रे एके काळी शाईच्या दौतीइतकीच आवश्यक मानली जात. तेव्हा हे सांगताना आम्ही उंच आसनावर बसून बोलत आहोत, असे कोणी समजू नये.

तलफेची एक दुर्बलता मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. ती लाटेसारखी येते, चढते आणि बहुधा पाचदहा मिनिटांत ओसरते. मग तुम्ही विडी ओढा अथवा ओढू नका. समुद्रकाठच्या माणसाला हे वेगळे समजावावयास नको. लाटेशी छातीठोक झुंजणारा दमतो, तिला अंगावरून जाऊ देणारा तरतो. तलफ आली की ‘मी जन्मात ओढणार नाही’ अशी भीष्मप्रतिज्ञा करण्यापेक्षा ‘दहा मिनिटे थांबतो’ एवढेच म्हणावे. तेवढ्यात सावकाश दीर्घ श्वास घ्यावेत, घोट घोट पाणी प्यावे, जागा बदलावी, हाताला काही काम द्यावे. तोंडाला चाळा हवा असेल तर बडीशेप, लवंग किंवा वेलची चघळावी. दिवसातून कोणत्या वेळी तलफ येते हे दोन दिवस आधी कागदावर टिपून ठेवले, तर शत्रूच्या वाटा कळतात. जेवणानंतर येत असेल तर हात धुताच शतपावलीस निघावे. चहाबरोबर येत असेल तर काही दिवस चहाची वेळ वा जागा बदलावी. मद्याच्या बैठकीपासून तर पहिले कित्येक आठवडे दूरच राहावे. तेथे निग्रहाचाच पाय प्रथम घसरतो.

येथे एक इशारा दिल्यावाचून राहवत नाही. तंबाखू सोडून तिच्या जागी सुपारी धरण्याची चाल आपल्याकडे फार आहे. कुळागरांच्या या प्रदेशात हे लिहिणे अनेकांस रुचणार नाही. परंतु नुसती, तंबाखूविरहित सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्णय कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ सालीच दिला आहे. देवापुढच्या विड्यावर आमचा आक्षेप नाही. दिवसभर गालात धरलेल्या खांडाविषयी आम्ही बोलत आहोत. विजेवर चालणाऱ्या सिगारेटीचीही तीच गत. तिच्या विक्रीवर देशात २०१९ सालापासून बंदी आहे, आणि एका सावकाराकडून सुटून दुसऱ्याच्या दारी जाण्यात शहाणपण नाही.

औषधांचा आधार घेण्यात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. स्वीडनच्या पाणबुडीतील खलाशांना पाण्याखाली धूम्रपान करता येत नसे, म्हणून ते तंबाखू चघळत. हे पाहून तेथील संशोधकांना निकोटिन असलेल्या च्युइंगमची कल्पना सुचली. धुरातील शेकडो विषे टाळून केवळ निकोटिन थोडे थोडे द्यावयाचे व तेही क्रमाने कमी करीत न्यावयाचे, हे त्यामागील तत्त्व. अशी च्युइंगम, त्वचेवर लावावयाच्या पट्ट्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावयाच्या गोळ्या आज उपलब्ध आहेत. कोणत्याही साहाय्यावाचून सोडू पाहणाऱ्यांपैकी शंभरांत तीन ते पाचच सहा महिने वा वर्षभर टिकतात. साहाय्य घेतल्यास ही शक्यता निश्चितपणे वाढते. ताप आला असता ‘मनोबलाने उतरवीन’ असे आपण म्हणत नाही. मग येथेच मनोबलाची एवढी कठोर परीक्षा कशासाठी?

आणि नेम मोडलाच तर? पाय घसरणे वेगळे व खड्ड्यात मुक्काम करणे वेगळे. श्रावणात नकळत कोणाच्या ताटात निषिद्ध घास आला म्हणून तो शहाणा माणूस संध्याकाळी मासळीबाजार गाठीत नाही. तो चूळ भरतो आणि नेम पुढे चालू ठेवतो. एका विडीने सारे फुकट गेले, असे मनाशी म्हणणे हीच तलफेची शेवटची आणि सर्वांत धूर्त युक्ती होय. कायमची सुटण्यापूर्वी अनेकांना अनेकदा सोडावी लागते. मागचा प्रत्येक प्रयत्न हा पराभव नसून तालीम असते.

आता सरकारविषयी. इशारे छापणे आणि दंड वसूल करणे एवढ्याने राज्याचे कर्तव्य संपत नाही. केंद्र सरकारची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनीसेवा २०१६ सालापासून चालू आहे. तिचा क्रमांक पाकिटावर बारीक अक्षरांत असतो. तो प्रत्येक फेरीधक्क्यावर, बसस्थानकावर आणि आरोग्य केंद्रावर मोठ्या मराठी-कोंकणी अक्षरांत का असू नये? प्राथमिक आरोग्य केंद्रात खोकल्यासाठी येणाऱ्या प्रत्येक रुग्णास ‘तंबाखू घेता का, आणि सोडावयाची इच्छा आहे का?’ हे दोन प्रश्न विचारण्यास फार खर्च येत नाही. निकोटिनची च्युइंगम व पट्ट्या गरिबास तेथेच विनामूल्य मिळाव्यात. शिवाय सुट्या सिगारेटीच्या विक्रीचा प्रश्न आहे. तलफ दहा मिनिटांची, गाडा दोन मिनिटांवर आणि सिगारेट सुटी मिळणारी. हा सामनाच विषम आहे. पूर्ण पाकीट घेताना माणूस निदान एकदा विचार करतो. महाराष्ट्राने २०२० साली सुट्या विक्रीवर बंदी घातली. अशा बंदीची अंमलबजावणी सोपी नसते हे आम्ही जाणतो. पण गाड्याचा दंड आणि आरोग्य केंद्रातील मदत या दोन गोष्टी एकत्र चालल्या, तरच दोहोंस अर्थ येईल.

उशीर झाला आहे असे मात्र कोणी म्हणू नये. ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच सवयींचा १९५१ सालापासून पन्नास वर्षे मागोवा घेऊन रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हिशेब मांडला. तिशीत धूम्रपान सोडणाऱ्याला सुमारे दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, चाळिशीत सोडणाऱ्यास नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्यासही तीन. तीन वर्षे म्हणजे नातवाची मुंज किंवा नातीचे लग्न पाहण्याइतका काळ. तो कोणाला नको आहे?

म्हणून आमचे सांगणे तंबाखू सोडणाऱ्याइतकेच त्याच्या घरच्यांना आणि मित्रांना आहे. घरातल्या कोणी तंबाखूचा श्रावण धरला, तर सर्व घराने तो पाळावा. त्याची पहिल्या आठवड्यातील चिडचिड पोटात घालावी, त्याच्यासमोर पाकीट काढू नये, आणि ‘बघू किती दिवस टिकतो’ असे थट्टेनेही म्हणू नये. मासळीचा श्रावण चतुर्थीनंतर सुटतो आणि आपण आनंदाने सुटू देतो. हा दुसरा श्रावण मात्र सुटू न देण्यातच आनंद आहे, आणि तो एकट्याच्या नव्हे, सर्वांच्या बळावर पाळावयाचा आहे.