ओढणें सोपें, थांबविणें कठीण

दसऱ्यानंतर पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापुराकडे व कर्नाटकांत निघतात. आपल्यापैकीं पुष्कळांचे ट्रॅक्टर कारखान्यांच्या करारावर त्यांस नेतात. एकामागें दोन ट्रेलर. त्यांत धान्य, सरपण, शेळ्या आणि त्यांवर बायकामुलें. ट्रॅक्टर घेतांना तो किती ओढतो हें प्रत्येक जण विचारतो. किती थांबवितो हें कोणी विचारीत नाहीं.

पुष्कळ ट्रेलरांस स्वतःचा ब्रेक नसतो. मग धारूरचा किंवा मांजरसुंब्याचा घाट उतरतांना मागचा सारा भार पुढच्या यंत्रास ढकलूं लागतो. अशा वेळीं डिझेल वाचविण्याकरितां गिअर काढल्यास इंजिनाचा अटकाव नाहींसा होतो, आणि वळणावर ट्रेलर यंत्रास आडवें पाडतो. म्हणून ज्या गिअरांत घाट चढावा, त्याच गिअरांत उतरावा. वेग दुप्पट झाला कीं थांबण्यास अंतर चौपट लागतें. जड माल आंसाच्या किंचित पुढें ठेवावा. मागें लादल्यास ट्रेलर झोले खातो. लहान डिझेल जीपमागें ट्रॉली जोडणारांनीं तर हें विशेष ध्यानांत ठेवावें. कारण तेथें ओढणारें वाहन ओझ्याहून हलकें असण्याचा संभव असतो.

मुकादम कोयत्यागणिक उचल मोजतो. मालकानें निघण्यापूर्वीं चाकागणिक ब्रेक मोजावा, आणि माणसें बसनें निराळीं पाठवावीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. बसभाड्याचा खर्च होईल खरा. परंतु गेलेला जीव कोणत्याही हंगामांत परत मिळत नाहीं.