विश्लेषण : आठ लाखांच्या गाडीला ११ टक्के, आठ कोटींच्या गाडीला पावणेचार!

दोन पेट्रोल गाड्या. एक आठ लाखांची, दुसरी आठ कोटींची. दोन्ही महाराष्ट्रात, व्यक्तीच्या नावावर नोंदवायच्या आहेत. पहिल्या गाडीला आरटीओत ११ टक्के दराने ८८ हजार रुपये एकरकमी कर भरावा लागतो. तोच दर दुसऱ्या गाडीला लावला असता तर ८८ लाख झाले असते. प्रत्यक्षात तिचा मालक भरतो जास्तीत जास्त ३० लाख, म्हणजे किमतीच्या पावणेचार टक्के. यात कुठलीही लबाडी नाही, खोटा पत्ता नाही, सनदी लेखापालाची करामतही नाही. नियमच तसा आहे.

महागडी गाडी घेताना कर कसा वाचवायचा, याच्या युक्त्या सांगणारे व्हिडीओ आणि व्हॉट्सअॅप संदेश सध्या भरपूर फिरतात. त्यातले काही खरे असतात, काही अर्धवट आणि काही थेट तुरुंगाच्या दिशेने नेणारे. कोणते कशात मोडतात, ते पाहू.

‘विक्रीकर’ आता नेमका कुठे आहे?

बोलताना आपण अजूनही विक्रीकर म्हणतो. पण १ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला आणि गाडीवरचे उत्पादन शुल्क, व्हॅट, मुंबईतली जकात हे सगळे त्यात विरघळले. आता गाडीवर प्रामुख्याने दोन कर उरतात. पहिला जीएसटी, जो देशभर सारखा असतो. दुसरा मोटार वाहन कर, ज्याला आपण रोड टॅक्स म्हणतो. तो राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्यांच्या अखत्यारीत येतो, म्हणून प्रत्येक राज्यात वेगळा असतो. बाहेरून आयात केलेल्या गाडीवर या दोन्हींच्या आधी सीमाशुल्क लागते.

हा फरक एकदा लक्षात आला की निम्मे गैरसमज दूर होतात. ‘अमुक राज्यातल्या शोरूममधून गाडी घेतली तर जीएसटी कमी पडतो’ हा त्यातलाच एक. जीएसटीचा दर मुंबईत जो, तोच दमणमध्ये आणि तोच चंडीगडमध्ये. राज्य बदलल्याने जे बदलते ते आरटीओतले बिल.

सप्टेंबर २०२५ मध्ये काय स्वस्त झाले?

जीएसटी आला तेव्हा मोठ्या गाड्यांवर २८ टक्के कर आणि वर १५ टक्के भरपाई उपकर होता. आधीच्या करांच्या तुलनेत हे बरेच कमी होते, त्यामुळे जुलै २०१७ मध्ये आलिशान गाड्यांच्या किमती लाखांनी उतरल्या. श्रीमंतांनाच सवलत मिळाली, अशी टीका झाली आणि दोनच महिन्यांत जीएसटी परिषदेने उपकर वाढवला. मोठ्या एसयूव्हींवरचा एकूण भार ५० टक्क्यांवर गेला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला. मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के, तर चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या छोट्या गाड्यांना १८ टक्के. करापूर्वी ५० लाख किंमत असलेली एसयूव्ही आधी ७५ लाखांना पडायची, आता ती ७० लाखांना पडते. रोड टॅक्स शोरूम किमतीवर लागत असल्याने तोही आपोआप कमी होतो. डिझेल गाडी असेल तर १५ टक्क्यांच्या हिशेबाने आणखी ७५ हजार वाचतात. जग्वार लँड रोव्हरने तर तेव्हा साडेचार लाखांपासून तीस लाखांपर्यंत किंमतकपात जाहीर केली होती.

आकडे डोळे दिपवणारे असले तरी या बदलाला ‘श्रीमंतांची दिवाळी’ म्हणणे अन्यायाचे होईल. करापूर्वी सहा लाखांच्या छोट्या पेट्रोल गाडीवर पूर्वी उपकरासह २९ टक्के कर होता. तो १८ वर आल्याने ग्राहकाचे ६६ हजार वाचतात. किमतीच्या प्रमाणात पाहिले तर छोट्या गाडीला जास्त दिलासा मिळाला आहे. शिवाय उपकराचा पैसा भरपाई निधीत जात असे, तर ४० टक्क्यांतला निम्मा वाटा राज्याचा असतो. तेव्हा दिल्लीच्या दारातला हा हिशेब तसा सरळ आहे. वाकडेपणा आहे तो आपल्या दारात.

३० लाखांची मर्यादा आली कुठून?

महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरील पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५. आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला सरसकट २० टक्के. दर चढते आहेत, म्हणजे रचना पुरोगामी वाटते. पण एकूण करावर कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, १ जुलै २०२५ पासून ३० लाख झाली.

याचा अर्थ असा, की पेट्रोल गाडी सुमारे दोन कोटी ३१ लाखांच्या पुढे गेली की कर तिथेच थांबतो. त्यानंतर किंमत कितीही चढली तरी राज्याला एक रुपया जास्त मिळत नाही. दोन कोटींच्या गाडीला २६ लाख आणि पाच कोटींच्या गाडीला ३० लाख. आठ लाखांची गाडी हप्त्यांवर घेणाऱ्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला मात्र अशी कुठलीही ‘मर्यादा’ आडवी येत नाही.

ही मर्यादा ऑगस्ट २०१७ मध्ये आणली गेली, तीही एका कबुलीसह. जीएसटीमुळे जकात आणि स्थानिक संस्था कर बंद झाले होते, म्हणून राज्याने वाहन कराचे दर दोन टक्क्यांनी वाढवले आणि त्याच वेळी महागड्या गाड्यांना २० लाखांची कमाल मर्यादा घातली. कारण? एवढा कर भरण्यापेक्षा मालक गाड्या परराज्यात नोंदवतात आणि राज्याच्या हाती काहीच लागत नाही. सगळे जाण्यापेक्षा थोडे पदरात पडलेले बरे, असा तो व्यवहार होता. सरकारने कर चुकवणाऱ्यांशी केलेली ही तडजोड होती, असे म्हटले तरी चालेल. फरक इतकाच, की तिची भरपाई न चुकवणाऱ्यांच्या वाढीव दोन टक्क्यांतून होत राहिली.

परराज्याच्या पाटीचे काय?

मुंबईच्या सागरी सेतूवर रविवारी सकाळी उभे राहिलात तर पुद्दुचेरी किंवा झारखंडच्या क्रमांकाच्या सुपरकार दिसतील. त्यांचे मालक तिथले असतात असे समजण्याचे कारण नाही. पुद्दुचेरीत रोड टॅक्स शेजारच्या राज्यांच्या तुलनेत नगण्य आहे. तिथला भाड्याचा पत्ता दाखवायचा, नोंदणी करायची आणि गाडी आपल्या गावी आणायची, ही जुनी पद्धत. केरळमध्ये २०१७ मध्ये हे प्रकरण मोठे गाजले. काही नामवंत चित्रपट कलाकारांची चौकशी झाली, गुन्हे दाखल झाले, काहींनी मागाहून केरळचा कर भरला.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ४० सांगते, की मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी सामान्यतः जिथे ठेवली जाते, त्याच राज्यातल्या आरटीओत नोंदणी व्हायला हवी. कलम ४७ सांगते, की गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ राहिली तर नव्या क्रमांकासाठी अर्ज करावाच लागतो, आणि त्याबरोबर तिथला करही आला. दर अकरा महिन्यांनी गाडी सीमेपार फिरवून आणण्याचा सल्ला देणारे महाभागही आहेत. पण मूळ नोंदणीचा पत्ताच खोटा असेल तर ती सहल कामाला येत नाही. बनावट भाडेकरार हा करचुकवेगिरीपेक्षा वेगळा, फौजदारी स्वरूपाचा गुन्हा आहे. अपघातानंतर विम्याचा दावा करताना असा पत्ता किती अडचणीचा ठरू शकतो, हे युक्ती सांगणारा एजंट सांगत नाही.

ज्यांची खरोखर राज्याराज्यांत बदली होते, त्यांच्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून ‘बीएच’ मालिका आहे. सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी तिला पात्र आहेत. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. दर ८, १० आणि १२ टक्के. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेवरच्या गाडीला दोन टक्के कमी. कर वाचवण्याचा हा सरळ मार्ग आहे, मात्र तो नोकरदारांसाठी आहे. उद्योगपतीच्या चिरंजीवांना त्यावरून जाता येत नाही.

कंपनीच्या नावावर घेतली तर?

हा सल्ला सर्वात लोकप्रिय आणि सर्वात अर्धवट. ‘जीएसटी परत मिळतो’ हे तर चुकीचेच. तेरापर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचा परतावा कंपनीला मिळत नाही. अपवाद गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग स्कूल यांचा. प्राप्तिकरात दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो, हे खरे. एक कोटीची गाडी असेल तर पहिल्या वर्षी १५ लाखांची वजावट, म्हणजे २५ टक्के दराने कर देणाऱ्या कंपनीचे पावणेचार लाख वाचले. पण महाराष्ट्रात कंपनीच्या नावावर १३ ऐवजी २० टक्के रोड टॅक्स बसतो, म्हणजे पेट्रोल गाडीला सात लाख आधीच जास्त गेले. पुढच्या वर्षांचा घसारा धरून हिशेब कदाचित जुळेलही, पण गाडी खरोखर धंद्यासाठी वापरली जाते, हे दाखवावे लागते. शनिवारी लोणावळा आणि रविवारी अलिबाग यांत ते दाखवणे कठीण.

विजेवरची गाडी सगळ्यांत पुढे

कर सर्वात कमी लागतो तो महागड्या इलेक्ट्रिक गाडीला, आणि तोही पूर्णपणे कायदेशीर मार्गाने. जीएसटी फक्त पाच टक्के, गाडी कितीही महाग असो. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर सहा टक्के कर प्रस्तावित होता. तो मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी मार्च महिन्यातच मागे घेतला. त्यानंतर आलेल्या धोरणात मोटार वाहन कर पूर्ण माफ झाला, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवरच्या टोलमाफीचाही त्यात समावेश झाला. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात दाखल झालेली टेस्लाची ५९.८९ लाखांची गाडी मुंबईत रस्त्यावर येईपर्यंत ६१ लाखांच्या आसपासच राहिली. त्या किमतीच्या पेट्रोल गाडीला नुसत्या आरटीओत पावणेआठ लाख मोजावे लागले असते.

प्रदूषण कमी व्हावे म्हणून सवलत हवीच. पण एक कोटीच्या इलेक्ट्रिक गाडीला पाच टक्के जीएसटी आणि शून्य रोड टॅक्स, तर कुटुंबाच्या पहिल्या छोट्या पेट्रोल गाडीला १८ टक्के आणि वर ११ टक्के, हे सवलतीचे नेम धरणे नव्हे. दहा-पंधरा लाखांच्या आतली इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याला त्या सवलतीमुळे निर्णय बदलता येतो. कोटीची घेणाऱ्याचा निर्णय सहा टक्क्यांनी बदलला असता, यावर विश्वास ठेवणे जड जाते.

मर्यादा काढली तर गाड्या पुन्हा पळतील?

पळतील, ही भीती २०१७ मध्ये खरी होती. पण त्यानंतर बरेच काही बदलले. ‘वाहन’ या राष्ट्रीय प्रणालीवर देशभरातल्या नोंदण्या दिसतात. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे. पुद्दुचेरीची गाडी वर्षभर वांद्रे-वरळी आणि खालापूरच्याच टोलवर पैसे भरत असेल, तिची पीयूसी दादरला आणि देखभाल अंधेरीत होत असेल, तर ती कुठे ‘सामान्यतः ठेवली जाते’ हे शोधायला गुप्तहेर लागत नाही. ही माहिती कोणी आणि कोणत्या परवानगीने पाहावी, याचे नियम मात्र आधी ठरायला हवेत.

दुसरा उपाय राज्यांच्या एकमताचा. राज्यांच्या परिवहन मंत्र्यांच्या गटाने २०१८ मध्येच देशभर ८, १० आणि १२ टक्के असा समान रोड टॅक्स सुचवला होता. ‘बीएच’ मालिकेत नेमके हेच दर आले. सर्वसामान्य नोंदणीत मात्र राज्यांनी ते स्वीकारले नाहीत. कमी कर असलेल्या राज्याला बाहेरच्या गाड्यांतून आयते उत्पन्न मिळते, ते कोण सोडेल? तोवर महाराष्ट्राने निदान ३० लाखांच्या मर्यादेऐवजी दोन-अडीच कोटींपुढच्या किमतीवर कमी दराचा का होईना, पण चढता टप्पा ठेवायला हरकत नव्हती.

गाडी दहा लाखांहून महाग असेल तर विक्रेता बिलावर एक टक्का ‘टीसीएस’ही घेतो. हा जादा कर नाही; तुमच्या पॅनवर जमा होणारा आगाऊ प्राप्तिकर आहे. विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो, जास्तीचा परत मिळतो. फॉर्म २६एएस उघडून तो तिथे दिसतो का, एवढे तपासा. पन्नास लाखांच्या गाडीला ते पन्नास हजार रुपये होतात.