यंत्राने नकार दिला, जाब कोणाला विचारायचा?

तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचे ऑनलाईन फॉर्म भरण्याचे दुकान. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे दिवस. बाकावर पोरांची रांग, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्स. सकाळी सहाच्या गाडीने आलेल्या एका पोराचा नंबर दुपारी दोनला लागला. फॉर्म अर्धा भरला आणि अडला. जातीच्या दाखल्यावर आडनाव 'वानखडे', आधारवर 'वानखेडे'. एका मात्रेचा फरक. दुकानदार म्हणाला, "कॉम्प्युटर घेत नाही रे." पोराने विचारले, "मग काय करू?" दुकानदार काय सांगणार? त्याने पुढच्याला हाक मारली. हा प्रसंग आमच्या डोळ्यांदेखतचा आहे. बुलडाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत, चिखलीपासून संग्रामपूरपर्यंत, असे एखादे दुकान आणि असा एखादा पोरगा सापडेल.

"कॉम्प्युटर घेत नाही." या तीन शब्दांत आजच्या राज्यकारभाराचे सारे मर्म आहे. पूर्वी कारकून नाही म्हणत असे. त्याला नाव होते, टेबल होते, वर साहेब होता. पोराचा बाप दोन कार्यकर्त्यांना घेऊन त्या टेबलापुढे उभा राहू शकत होता, 'लेखी द्या' म्हणू शकत होता. आता नकार येतो तो पडद्यावर, लाल अक्षरात आणि बहुधा इंग्रजीत. त्या अक्षरांना नाव नाही, टेबल नाही. मोर्चा कोणाच्या दारावर न्यायचा?

रोज वर्तमानपत्रांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्या येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून यंत्र आता डॉक्टर होणार, वकील होणार, मास्तर होणार असा डांगोरा चालू आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलिसांच्या तपासात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्यासाठी 'मार्व्हल' नावाची कंपनीही स्थापन केली. आमचे वाचक आम्हाला विचारतात, चळवळीची यावर भूमिका काय?

भूमिका नवी शोधण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात ती मांडून ठेवली आहे. चरख्याचा जयघोष चालू असताना बाबासाहेब यंत्राच्या बाजूने उभे राहिले. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असे त्यांचे म्हणणे होते. यंत्रापासून जे दुःख येते त्याचा दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितले. म्हणून आम्ही संगणकाचे वैरी नाही. ज्यांच्या पूर्वजांना पाटीला हात लावू दिला नाही, त्यांनी संगणकाला पाठ दाखवावी असे कोण म्हणेल? आमचा प्रश्न वेगळा आहे. यंत्राची किल्ली कोणाच्या हातात, आणि यंत्र चुकले तर भोगायचे कोणी?

हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवा नाही. १८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, त्या सोहळ्याला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. एका तालुक्याच्या गावासाठी व्हाइसरॉय का आला? कापसासाठी. त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने इंग्लंडशी जोडली गेली. वऱ्हाडातल्या कापसाचा सौदा लिव्हरपूलचा व्यापारी तारेवर करू लागला. त्या काळचे हे इंटरनेटच. तार वऱ्हाडापर्यंत आली. पण तारेच्या एका टोकाला लिव्हरपूलचा दलाल आणि दुसऱ्या टोकाला खामगावचा अडत्या होता. भाव पडल्याची बातमी अडत्याला आधी कळे. कापूस पिकवणाऱ्या कुणब्याला आणि त्याच्या शेतात राबणाऱ्या महार-मांगाला ती कळे कर्जाच्या रूपाने. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळले, तेव्हा तारही होती आणि रेल्वेही होती. तार आली म्हणजे न्याय आला असे नव्हे, हे खामगावने तेव्हाच पाहिले आहे.

आता आजची तार पाहा. २०१७-१८ मध्ये शासनाने शिष्यवृत्ती 'महाडीबीटी' पोर्टलवर नेली. पोर्टल इतके कोलमडले की त्या वर्षी शासनाला पुन्हा कागदावर यावे लागले. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या कर्जमाफीचे अर्ज ऑनलाईन घेतले, तर याद्यांत एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकऱ्यांची नावे निघाली. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी सक्तीची केली. यंत्राने बाईकडे तिच्या नवऱ्याचा किंवा बापाचा आधार क्रमांक मागितला. नवरा वारला असेल, बापही वारला असेल, तर तिने काय भरायचे? फॉर्म तयार करणाऱ्याच्या डोक्यात विधवा बाई आलीच नाही. ओरड झाल्यावर मुदत वाढवली, सवलत दिली. पण ओरड होईपर्यंत सेवा केंद्राच्या दारात ती बाई किती वेळा आली आणि रोज बुडवून परत गेली, याचा हिशेब कोणत्या पोर्टलवर आहे?

येथे कोणी म्हणेल की यात जातीचा काय संबंध, यंत्र तर सर्वांनाच अडवते. खरे आहे, अडवते सर्वांनाच. पण ज्याच्या घरात तीन पिढ्यांची कागदपत्रे एका हस्ताक्षरात, एका नावाने नीट लावलेली आहेत, तो एका दिवसात सुटतो. आमच्या घरातली कागदपत्रे कशी आहेत? आजोबांचे नाव गुरुजींनी लिहिले ते वाराच्या नावावरून, जन्मतारीख लिहिली ती अंदाजाने. आजीचे नाव एका कागदावर 'शोभा', दुसऱ्यावर 'शोभाबाई'. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'महार', नातवाच्या दाखल्यावर 'बौद्ध'. १९५६ च्या अशोक विजयादशमीला नागपुरात जे घडले तो आमच्यासाठी मुक्तीचा दिवस आहे. यंत्रासाठी ती दोन कागदांतली विसंगती आहे. बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० पर्यंत झगडावे लागले. तो लढा ज्या कारकुनाला ठाऊक आहे तो दोन्ही कागद वाचून मान डोलावतो. यंत्राला इतिहास ठाऊक नसतो. त्याला फक्त जुळते आणि जुळत नाही एवढेच कळते. सर्वांना एकच नियम लावला म्हणजे समता झाली, हा भ्रम आम्ही फार जवळून पाहिला आहे.

'पण यंत्र खोटे बोलत नाही,' असा शेवटचा युक्तिवाद असतो. त्यांनी इंग्लंडकडे पाहावे. तेथील टपाल खात्याने १९९९ पासून 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवली. छोट्या छोट्या टपाल कचेऱ्या चालवणाऱ्या साध्या माणसांच्या हिशेबात ती तूट दाखवू लागली. कचेरीवाले म्हणत होते, आम्ही पैसे घेतले नाहीत. न्यायालय म्हणत होते, संगणक बरोबर चालतो असेच कायद्याने धरायचे. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक लोकांना चोर ठरवले गेले. कोणी घर विकून तूट भरली, कोणी जीव दिला. भारतीय वंशाच्या एका गरोदर बाईला तुरुंगात धाडले. चूक संगणक प्रणालीची होती. अखेर २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या.

या प्रकरणातली एक गोष्ट चळवळीतल्या प्रत्येक माणसाने ध्यानात ठेवावी. तक्रार करणाऱ्याला टपाल खाते सांगत असे, 'असे फक्त तुमच्याकडेच होते, दुसऱ्या कोणाची तक्रार नाही.' शेकडो माणसे वेगवेगळ्या गावांत आपण एकटेच आहोत असे समजून मान खाली घालून बसली. २००९ मध्ये ती एकमेकांना भेटली, संघटना केली. पुढे ५५५ जण मिळून न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणाली सदोष ठरवली. जोवर ती एकेकटी होती तोवर यंत्र खरे होते. ती संघटित झाली तेव्हा यंत्र खोटे ठरले.

आता शिकवलेले यंत्र आले आहे. त्याला शिकवले कोणी आणि कशावर? आजवर जे लिहून ठेवले गेले त्यावर. लिहिण्याचा मक्ता कोणाकडे होता हे आम्ही सांगायला नको. २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' या अमेरिकी नियतकालिकाने चॅटजीपीटीच्या मागील यंत्राची तपासणी केली, तेव्हा त्यात जातीचे सारे जुने साचे भरलेले आढळले. एका दलित संशोधकाने आपल्या अर्जाचे इंग्रजी सुधारण्यासाठी मजकूर दिला, तर यंत्राने त्याचे आडनावच काढून 'शर्मा' घातले! बुद्धिमान माणूस म्हणजे शर्माच असणार, हे त्या यंत्राला कोणी मुद्दाम सांगितले नव्हते. त्याने ते आमच्या समाजाकडूनच उचलले. उद्या हेच यंत्र नोकरीचे अर्ज चाळू लागले, कर्ज कोणाला द्यायचे ते ठरवू लागले, संशयितांची यादी काढू लागले, तर?

म्हणून यंत्र बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. या तारेने आम्हालाही दिले आहे. २००६ मध्ये खैरलांजी घडले तेव्हा मोठ्या म्हणवणाऱ्या वृत्तपत्रांनी आधी डोळे मिटले. एसएमएसवरून, ई-मेलवरून ती बातमी आमच्याच पोरांनी जगभर नेली. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचे खंड ज्याला दुकानात मिळत नाहीत, तो ते आज मोबाईलवर वाचतो. १९२० साली 'मूकनायक' काढणाऱ्या बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना उभारला, तो हौसेखातर नव्हे. दुसऱ्याच्या यंत्रावर आपले म्हणणे छापून येत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ऑनलाईन अर्ज नाकारला तर कारण मराठीत द्या. त्या नकाराखाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि अपील कोठे करायचे ते छापा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अर्ज फेटाळल्याचे लेखी कारण आणि अपिलाचा हक्क आहेच. मग शिष्यवृत्तीसह प्रत्येक पोर्टलला तोच न्याय लावायला अडचण कोणती? यंत्र अडले तर तहसिलात कागदी अर्ज घेण्याची खिडकी उघडी ठेवा. आणि माहितीचा अधिकार बोथट करू नका. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने त्यातील व्यक्तिगत माहितीचे कलम बदलले आहे. ज्या याद्या मागून आमचे कार्यकर्ते गैरव्यवहार उघड करत होते, त्या याद्या आता 'व्यक्तिगत' म्हणून झाकल्या जाण्याची भीती आहे. गरिबाची सगळी माहिती सरकारकडे उघडी आणि सरकारची माहिती गरिबाला बंद, ही कसली सुरक्षा?

पण मागण्या करून आम्ही हात झटकणार नाही. दोष आमचाही आहे. २००१ नंतर एमएस-सीआयटी आली, नोकरीला सर्टिफिकेट लागते म्हणून आमच्या पोरांनी मजुरीच्या पैशातून फी भरली, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावले. बटन दाबायला शिकलो, बटनामागे काय आहे ते शिकलो नाही. फॉर्म भरणारे आमचे, फॉर्म बनवणारे दुसऱ्यांचे, ही नवी वर्णव्यवस्था आम्ही मुकाट्याने मान्य करायची का? जयंतीच्या डीजेवर जो खर्च होतो त्याच्या चौथ्या हिश्श्यात वस्तीच्या विहारात एक संगणक, एक प्रिंटर आणि इंटरनेट येते. तेथे संध्याकाळी दोन तास बसणारा शिकलेला तरुण प्रत्येक गावात आहे.

आणि त्या विहारात एक वही ठेवा. ज्याचा अर्ज अडला त्याचे नाव, तारीख, योजना आणि पडद्यावर आलेले शब्द जसेच्या तसे त्यात लिहा. महिन्याला तालुक्याच्या सगळ्या वह्या एकत्र आणा आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा. शंभर दुकानांत शंभर पोरांना 'तुझ्या एकट्याचाच घोळ आहे' असे सांगितले जाते. शंभर नावे एका कागदावर आली की तो घोळ पोराचा राहत नाही, राज्यकर्त्यांचा होतो. बाबासाहेबांनी शिकायला सांगितले, तसेच संघटित व्हायलाही सांगितले. एका मात्रेसाठी परत गेलेला तो पोरगा आज आपल्या वस्तीत एकटा बसला असेल. वहीतले पहिले नाव त्याचे लिहा.