घड्याळाचा चेहरा

खारदांड्याला राहणारा माझा एक विद्यार्थी एकदा शाळेत जुने मनगटी घड्याळ घेऊन आला. ते त्याच्या दादाजानचे होते. अनेक वर्षे ते कपाटात बंद पडून होते. तबकडी पिवळी पडली होती, पण तिच्यावरचे ‘जनता’ हे नाव वाचता येत होते.

तो म्हणाला, “सर, एक दुकानदार म्हणतो, तबकडी लाल रंगवून देतो, वर विमानाचे चित्रही काढून देतो. घड्याळ अगदी नवे दिसेल. करून घेऊ का?”

मी म्हणालो, “दुरुस्त जरूर करून घे, पण त्याचा चेहरा बदलू नकोस.”

त्याला ते पटले नाही. पिवळ्या तबकडीचे घड्याळ हातात कसे बांधायचे, असे त्याला वाटले. त्याची शंका चुकीची नव्हती, म्हणून माझे म्हणणे सविस्तर सांगतो.

‘जनता’ हे एच.एम.टी.चे घड्याळ. या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला घड्याळे बनवायला सुरुवात केली. त्यानंतर लाखो भारतीयांच्या मनगटावर देशात बनलेले घड्याळ आले. परीक्षेतील यश, पहिली नोकरी, लग्न अशा प्रसंगी ते भेट दिले जाई. २०१६ साली सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. म्हणून जी जुनी घड्याळे उरली आहेत, ती त्या काळाची साक्षीदार आहेत. साक्षीदाराचे बोलणे आपण बदलत नाही.

उर्दूत आपण ज्याला घडीसाज म्हणतो, त्याला मराठीत घड्याळजी म्हणतात. चांगला घड्याळजी डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडतो. चावी दिल्यावर आतली स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू सुटते आणि दातेरी चाके फिरवते. तोलचक्र नावाचे छोटे चाक इकडून तिकडे हलत राहते आणि चाकांचा वेग आवरते. अशा घड्याळात ते तासाला १८,००० म्हणजे दिवसाला ४,३२,००० हेलकावे घेते! आतले तेल सुकले की भाग एकमेकांवर घासून झिजतात. ते सुटे करून धुणे, पुन्हा जोडणे आणि थेंब थेंब तेल देणे, ही खरी दुरुस्ती होय. यात घड्याळाचे काहीच हरवत नाही.

रंगवलेल्या तबकडीची गोष्ट वेगळी आहे. काही लोक जुन्या घड्याळांच्या तबकड्या रंगवतात, कधीच नव्हती अशी चित्रे काढतात आणि ‘दुर्मीळ घड्याळ’ म्हणून विकतात. घेणारा फसतो. पुढे अभ्यास करणाऱ्यालाही खरे कोणते आणि बनावट कोणते, हे ओळखणे कठीण जाते.

कोणी विचारील, तबकडी पार खराब झाली असेल तर? तर नवी जरूर बसवावी, पण जुनी फेकू नये. ती डबीत ठेवावी आणि केव्हा व काय बदलले, ते कागदावर लिहावे. बदल करणे हा गुन्हा नाही; तो लपवणे चूक आहे.

मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि त्याला आपल्या आईचे नाव दिले. २०१५ साली त्याच्या जीर्णोद्धाराचे काम पूर्ण झाले. तेव्हा त्याच्या जुन्या रंगीत काचा फेकून दिल्या नाहीत, त्या दुरुस्त करून जपल्या. मोठ्या मनोऱ्याला जो न्याय, तोच मनगटावरच्या छोट्या घड्याळाला का नको?

पुढच्या महिन्यात तो मुलगा ते घड्याळ बांधून आला. ते चालू होते. तबकडी पिवळीच होती. त्याने दादाजानना विचारून एक चिठ्ठीही लिहिली होती : घड्याळ कोणत्या साली घेतले, कितीला घेतले आणि का घेतले. ती चिठ्ठी त्याने घड्याळाच्या डबीत ठेवली आहे.