पोरांच्या फीचा हिशोब कुणी मागायचा?

बर्फ म्हटलं की आपल्याला गोळ्याची गाडी आठवते. त्यामुळे आइस हॉकीवर पोस्ट कशाला, असं कुणी विचारलं तर चूक नाही. पण शेवटपर्यंत वाचा. विषय फिरून आपल्याच दारात येतो.

दरवर्षी २६ डिसेंबरच्या सुमारास २० वर्षांखालच्या मुलांची आइस हॉकीची जागतिक स्पर्धा सुरू होते. १९७७ पासून ती अधिकृतपणे भरते, वरच्या गटात दहा देश असतात. कॅनडात तिचं वेड म्हणाल तर आपल्याकडच्या वर्ल्ड कपसारखं. नाताळ झाला की घरोघरी टीव्हीसमोर बैठक. सगळ्यात जास्त विजेतेपदंही त्यांचीच. वेन ग्रेट्स्कीपासून सिडनी क्रॉस्बीपर्यंत मोठमोठी नावं आधी याच स्पर्धेत चमकली. १८-१९ वर्षांची पोरं एका आठवड्यात देशाची लाडकी होतात.

मे २०२२ मध्ये टीएसएन या क्रीडा वाहिनीचे पत्रकार रिक वेस्टहेड यांनी एक बातमी दिली. जून २०१८ मध्ये ऑन्टारियो प्रांतातल्या लंडन शहरात हॉकी कॅनडाचा कार्यक्रम झाला होता. त्या रात्री आठ खेळाडूंनी आपल्यावर लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप एका तरुणीने केला होता. त्यात त्या वर्षीच्या सुवर्णविजेत्या ज्युनियर संघातले खेळाडू असल्याचंही तिचं म्हणणं होतं. तिने नुकसानभरपाईचा दावा लावला आणि हॉकी कॅनडाने तडजोड करून तो काही आठवड्यांतच मिटवला. गाजावाजा न करता. ही बातमी आली नसती तर प्रकरण तिथेच संपलं असतं.

मग लोक विचारायला लागले, असे पैसे येतात कुठून? त्यातून 'नॅशनल इक्विटी फंड' नावाचा निधी उजेडात आला. तो भरायचा कोण? तर नोंदणी केलेली पोरं, म्हणजे त्यांचे आईबाप. प्रत्येक नोंदणीच्या फीमधला थोडा वाटा या निधीत जायचा. जुलै २०२२ मध्ये संसदीय समितीसमोर अधिकाऱ्यांनी सांगितलं, की १९८९ पासून अत्याचाराचे ९ दावे मिटवायला या निधीतून ७६ लाख कॅनेडियन डॉलर दिले गेले. यात २०१८ च्या प्रकरणाची तडजोड धरलेली नाही. मोठा हिस्सा एका जुन्या प्रशिक्षकाच्या प्रकरणांतला होता.

पीडितांना भरपाई मिळाली याला माझा विरोध नाही, मिळायलाच हवी. प्रश्न वेगळा आहे. पहाटे अंधारात पोराला उठवून, गाडीत घालून रिंकवर नेणाऱ्या आईला आपण भरलेल्या फीतून काय निस्तरलं जातंय हे माहीत होतं का? नव्हतं. आणि जे निस्तरलं ते पुन्हा घडू नये म्हणून काय केलं, हे तिला कुणी सांगितलं का? तेही नाही. पैसे देऊन विषय बंद करता येतो म्हटल्यावर घर साफ करायची घाई कुणाला असते?

पुढचं जे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सरकारने निधी गोठवला. टिम हॉर्टन्स, स्कोशियाबँक, कॅनेडियन टायर यांसारख्या प्रायोजकांनी हात आखडते घेतले. कोरोनामुळे अर्धवट राहिलेली ज्युनियर स्पर्धा ऑगस्ट २०२२ मध्ये एडमंटनला पुन्हा घेतली, तर स्टेडियममध्ये रिकाम्या खुर्च्याच जास्त. भर उन्हाळा हे एक कारण होतं, पण ते एकटं नव्हतं. कॅनडाने फिनलंडला जादा वेळेत ३-२ हरवून सुवर्ण जिंकलं, तरी लोकांचा राग शमला नाही. ऑक्टोबरमध्ये क्विबेक प्रांताच्या संघटनेने आमच्या पोरांच्या फीचा वाटा वर पाठवणार नाही असा ठरावच केला. ११ ऑक्टोबरला मुख्य कार्यकारी अधिकारी गेले आणि अख्ख्या संचालक मंडळाने राजीनामा दिला.

म्हणजे जे पदकाने झाकलं नाही, ते फी अडवल्यावर हललं!

आता दुसरी बाजू. तीही सांगितली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट अर्धीच राहील. त्या प्रकरणात पुढे पाच खेळाडूंवर खटला चालला आणि २४ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने पाचही जणांना निर्दोष सोडलं. त्यांना गुन्हेगार म्हणायचा अधिकार तुम्हाला-मला नाही.

मग सगळा गदारोळ वायाच गेला म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. खेळाडू दोषी की निर्दोष हे कोर्ट ठरवतं. आरोप आल्यावर संस्थेने नीट चौकशी केली का, पैसा कुठून दिला, सभासदांना सांगितलं का, हे कोर्टाने ठरवायची वाट बघायची नसते. ते फी भरणाऱ्यांनी विचारायचं असतं. गंमत म्हणजे, वेळीच स्वच्छ चौकशी झाली असती तर ती त्या मुलीच्या आणि त्या मुलांच्याही भल्याची ठरली असती. झाकापाकीत दोघांचंही नुकसान होतं, सुटते ती फक्त खुर्ची.

आता आपल्या दारात येऊ. वीसेक वर्षं मी स्थानिक स्पर्धांच्या बातम्या करतोय. हार, श्रीफळ, पाहुण्यांची यादी, ट्रॉफीसह फोटो. निवड चाचणीची फी किती जमली, शिबिराचे पैसे कुठे गेले, मुलींच्या संघासोबत प्रवासाला कोणी बाई होती का, हे मी किती वेळा विचारलं? खरं सांगायचं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. पालकही विचारत नाहीत. कारण साधं आहे, विचारलं तर पोराला संघातून बसवतील. ही भीती मला कळते, मी तुम्हाला नावं ठेवत नाही.

पण एकट्याने विचारू नका. दहा पालक मिळून विचारा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला दरवर्षी हिशोब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो, तो काही गुपित नसतो. पावती मागा. तक्रार आली तर ती कोण ऐकणार, त्याचं नाव आणि नंबर मैदानावर लावायला सांगा. तक्रार ज्याच्याबद्दल आहे त्याच्याकडेच ती जाणार असेल, तर ती व्यवस्था नव्हे.

आणि पुढच्या बक्षीस समारंभाला मला बोलावलंत तर मी येईन, फोटोही काढीन. पण हिशोबाचा कागद मागितल्याशिवाय परत जाणार नाही. मी विसरलो तर तुम्ही आठवण करून द्या.