ठाण्यात आपलं म्हणणं कोणाच्या शब्दांत लिहिलं जातं?

बुधवाऱ्यातली आमची आजी घरात मराठी बोलते, बाजारात हिंदी. भाजी घेण्यापुरती हिंदी तिला पुरते. पण बसमध्ये गळ्यातली पोत गेली, तेव्हा ती हिंदी ठाण्याच्या दारातच संपली. ती म्हणाली, "गर्दीत कुणीतरी पोत लांबवली." कागदावर आलं, 'गुम हुई'. मी शेजारी होतो म्हणून वाचून दुरुस्त करून घेतलं. नाहीतर चोरी झाली, याची नोंदच झाली नसती. लिहिणारा आरक्षक वाईट नव्हता. त्याला मराठी येत नव्हतं, एवढंच.

आता व्यवस्था बघा. पोलीस हा विषय राज्यसूचीतला. भरती राज्याची, प्रशिक्षण राज्याचं. मध्य प्रदेशात आरक्षक भरतीची परीक्षा हिंदी-इंग्रजीत होते. रीवा किंवा मुरैन्याचा मुलगा कायदा, कवायत, हत्यार शिकून शाहपूरला येतो. गणवेश मिळतो, वायरलेस मिळतो. समोरच्या म्हातारीची भाषा मात्र त्याने स्वतःच शिकायची.

गंमत म्हणजे केंद्राला हे कळलंय. सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफच्या शिपाई भरतीची परीक्षा 2024 पासून हिंदी-इंग्रजीशिवाय 13 भाषांत होते. त्यात मराठी आहे. म्हणजे काश्मीरमध्ये ड्युटी करायला मराठीतून परीक्षा चालते, आणि आपल्या गावच्या ठाण्यासाठी चालत नाही!

"हिंदी तर सगळ्यांना येते," असं कुणी म्हणेल. येते ना. पण घाबरलेला, मार खाल्लेला माणूस आईच्याच भाषेत बोलतो. हा प्रश्न फक्त मराठीचा नाही. खकनारकडच्या कोरकू बाईचा आहे, आणि जळगावात कामाला गेलेल्या हिंदी मजुराचाही आहे. संविधानाच्या कलम 350 नुसार कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाण्याचं निवेदन देताना राज्यात किंवा देशात वापरात असलेली कुठलीही भाषा चालते. तोच न्याय ठाण्याच्या टेबलावर का नको?

मागणी साधी आहे. सीमेवरच्या प्रत्येक ठाण्यात, प्रत्येक पाळीत, मराठी समजणारा एक तरी कर्मचारी हवा. बदलून आलेल्यांना कामापुरतं मराठी शिकवा. आणि आपल्या पोरापोरींनीही भरतीला उतरावं. बाहेरून ओरडण्यापेक्षा आत एक माणूस असलेला बरा.

तोवर हे लक्षात ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं: तोंडी तक्रार लिहून घेतल्यावर ती तुम्हाला वाचून दाखवली पाहिजे. एफआयआरची प्रत फुकट मिळाली पाहिजे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. म्हणजे रावेरला मोबाईल चोरीला गेला आणि लक्षात आलं बुऱ्हाणपूरला, तरी "तिकडे जा" म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. नोंदच घेतली नाही, तर तीच माहिती लिहून पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा.

घरातलं म्हातारं माणूस ठाण्यात जाणार असेल, तर सोबत जा. वाचून दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका. अंगठा तर नाहीच नाही.