अंगणातील ओळखी : उन्हाळ्यात तहान नसलेले फूल



या स्तंभात आजवर आपण स्वतःच्या अंगणाबाहेर क्वचितच पाऊल टाकले. गेल्या खेपेस शेवग्याची ओळख करून घेतली, त्यापूर्वी अळूची. यंदा मात्र मी आपणांस अशा एका फुलाकडे नेणार आहे, की जे आपल्या मॉरिशसच्या हवेत टिकावयाचे नाही. त्याच्या बाबतीत माझ्या हातून एक अपराध घडला आहे, आणि तो लिहून टाकल्यावाचून मला दुसऱ्या कोणत्याही झाडाविषयी लिहिणे सुचेना.

डॅफोडिल हे नाव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. शाळेत इंग्रजी कविता घोकताना ते आपल्या तोंडी बसले. फूल मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिले. ते कवितेतले पिवळे फूल वसंतात उमलणारे. मी सांगत आहे ते त्याचे ठेंगणे भावंड. उंची जेमतेम वीतभर, पाने गवताच्या काडीसारखी बारीक, आणि फुलण्याचा काळ ऐन हिवाळा, म्हणजे तिकडचा डिसेंबर-जानेवारी. बाहेर जमीन गोठलेली असते, सूर्य दुपारी चारच्या सुमारास मावळलेला असतो, अशा वेळी हे फूल उघडते. त्याच्या पाकळ्या अगदी अरुंद, नावापुरत्या. सारा थाट मधल्या पेल्याचा. तो पेला परकराच्या घेरासारखा पसरलेला असतो. इंग्रजांनीही त्याला परकराचेच नाव दिले आहे. डग्लस ब्लँचर्ड नावाच्या एका इंग्रज उद्यानप्रेमी गृहस्थाने या जातींचे संकर केले, तेव्हा त्यांची नावेही त्याने कापडावरून ठेवली : नायलॉन, टॅफेटा, मस्लिन. मला ही नावे फार आवडली. आपल्या आज्यांच्या पेटीतील कपड्यांची यादी वाचावी तशी ती वाटतात.

यांपैकी दोन मूळ जाती ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली नार्सिसस रोमिउक्सी; ही मोरोक्कोतील ॲटलास पर्वतात देवदारांच्या वनांतून उगवते, रंग फिकट लिंबाचा. दुसरी नार्सिसस कँटॅब्रिकस, शुभ्र पांढरी. हिचे नाव स्पेनच्या उत्तरेकडील कँटाब्रिया प्रांतावरून पडले आहे, पण ती तेथे उगवतच नाही; ती दक्षिण स्पेनची आणि उत्तर आफ्रिकेची. चुकीच्या गावाचे नाव जन्मभर वागविणारी माणसे आपल्या पूर्वजांतही होतीच. गोदीवरच्या कारकुनाने जे नाव जसे ऐकले तसे ते कागदावर चढले, आणि आज आपण तेच आडनाव म्हणून लावतो. असो.

माझी मावशी १९७३ साली परिचारिकेचे शिक्षण घेण्याकरिता इंग्लंडला गेली व तेथेच स्थायिक झाली. तिचे यजमान, ज्यांना आम्ही काका म्हणत असू, हेही आपल्याच बेटाचे. निवृत्तीनंतर त्यांनी घरामागे एक लहानसे काचघर उभारले. त्यात उष्णतेची सोय नव्हती आणि तशी गरजही नसते. त्यात वाळूने भरलेल्या मेजावर मातीच्या कुंड्या गळ्यापर्यंत पुरून त्यांनी हे छोटे कंद लावले. पुष्कळसे त्यांनी बीजापासून वाढविलेले होते. बी पेरल्यापासून पहिले फूल येईपर्यंत तीन-चार वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ जातो. २०२१ साली काका निवर्तले. कुंड्या मावशीने सांभाळल्या.

जुलै २०२२ मध्ये मावशीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मी रजा काढून तिच्या सोबतीस गेले. त्याच महिन्याच्या १९ तारखेस इंग्लंडात पारा प्रथमच चाळीस अंशांच्या पुढे गेला, हे आपणांस आठवत असेल. मावशी रुग्णालयात होती. घरातील कामे उरकून मी सहज काचघरात डोकावले, तो सोळा कुंड्या कोरड्या ठणठणीत, पाने वाळून गेलेली, माती दगडासारखी. माझ्या पोटात धस्स झाले. मावशी महिनाभर दुखण्याने घराबाहेर पडली नसेल, काकांची झाडे पाण्यावाचून वाळली असतील, असे मनाने घेतले. मी झारी भरली, आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ न चुकता प्रत्येक कुंडीस पाणी घातले. घरी आल्यावर मावशीला आनंदाने सांगावयाचे, असेही ठरविले होते!

आपल्याकडे उन्हाळा म्हणजेच पावसाळा. डिसेंबर ते एप्रिल वादळे येतात, मुसळधार पाऊस पडतो आणि सारे हिरवे होते. वाक्वासारख्या ओल्या गावात वाढलेल्या मला ऊन आणि पाणी ही एकत्रच येतात असे वाटत आले. ॲटलासच्या उतारांवर नेमके उलट घडते. तेथे पाऊस शरदात सुरू होतो, हिवाळाभर पाऊस नि हिम असते, आणि उन्हाळा भाजून काढणारा व कोरडा. म्हणून हा कंद मे-जूनमध्ये पाने टाकून जमिनीखाली निजतो. तो निजलेला दिसतो एवढेच. त्याच दिवसांत आतल्या आत पुढल्या हिवाळ्याच्या कळीची घडण चालते. त्या काळात त्याला ऊब हवी, पाणी नको. ऊब आणि ओल एकत्र आली की मातीतील बुरशी कंदाच्या बुडाशी शिरते. मी आठ दिवस नेमकी तीच मेजवानी तिला वाढीत होते.

ऑगस्टच्या आरंभी मावशी काठी टेकीत काचघरात आली. या सुमारास कुंड्या रिकाम्या करून कंद नव्या मातीत लावावयाचे असतात : अर्धी चांगली माती, अर्धी भरड खडी. तिने पहिली कुंडी उपडी केली. कंद बोटांखाली दबला. बूड तपकिरी, मऊ. दुसरी तशीच. सोळांपैकी अकरा कुंड्या गेल्या होत्या. मी सारे सांगितले. ती रागावली नाही, ह्याचेच मला अधिक वाईट वाटले. बऱ्याच वेळाने ती क्रिओलमध्ये एवढेच म्हणाली, की चूक तिचीच, कोणी काचघरात जाईल असे तिला वाटले नव्हते म्हणून तिने बजावले नव्हते. मग तिने कुजके कंद वर्तमानपत्रात गुंडाळले आणि मला ते फेकू दिले नाहीत. स्वतः नेऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी तिने फडताळातून कागदाची एक पुडी काढली. मे महिन्यात बोंडे फुटण्यापूर्वी तिने बी गोळा करून ठेवले होते. काळे, चकचकीत, मोहरीएवढे बी. मी परतल्यावर सप्टेंबरात तिने ते पेरले. वाचलेल्या कुंड्यांस वर्षातील पहिले भरपूर पाणीही तेव्हाच दिले. पाणी मिळताच चार-सहा आठवड्यांत पाने वर येतात. यापुढे त्यांना जितका उजेड मिळेल तितका थोडा. उजेड कमी पडला की पाने लांब होऊन लोळतात. मावशी टोमॅटोसाठी मिळणारे पोटॅशचे खत निम्म्या प्रमाणात पातळ करून पंधरा दिवसांनी घालते. थंडीची भीती नको, कोंदट हवेची मात्र धरावी. म्हणून ती हिवाळ्यातही काचघराची खिडकी उघडी ठेवते, आणि स्वतः शाल गुंडाळून कुडकुडते! कोणाच्या घरी लहान मुले असतील तर आणखी एक गोष्ट : हा कंद कांद्यासारखा दिसतो, पण विषारी असतो.

डिसेंबर २०२४ मध्ये वर्षाअखेरच्या सुट्टीत मी पुन्हा गेले. वाचलेल्या पाच कुंड्यांपैकी तीन फुलल्या होत्या. सकाळी फुले गारठून मातीवर लवंडलेली दिसली तेव्हा माझा जीव पुन्हा उडाला. मावशीने मला हात लावू दिला नाही. दुपारी ऊन येताच ती आपली आपण उभी राहिली. शेजारच्या कुंडीत दोन वर्षांची रोपे होती, केसांसारखी बारीक हिरवी पाने, दुसरे काही नाही. दोन वर्षे त्यांना एकाच कुंडीत राहू द्यावयाचे असते, उपटून पाहावयाचे नसते. मी झारीकडे पाहिलेसुद्धा नाही.

पांढरी आणि पिवळी जात शेजारी असली की त्यांचा संकर सहज होतो. त्यामुळे या रोपांना कोणता रंग येईल हे कोणासच ठाऊक नाही. या जानेवारीत, गेल्या रविवारी, मावशीचा दूरध्वनी आला. एका कुंडीत पानांच्या मधोमध बोटाच्या पेराएवढी कळी दिसते आहे. रंग विचारला, तर म्हणाली, अजून आवरण फाटलेले नाही, आठवडाभर थांब.